रस्त्याकडची जाळी

तापीच्या काठी निंबारी नावाचं एक गाव होतं. केळीनं या गावाला नाव दिलं होतं आणि उन्हानं मोतीबिंदू. चैत्र लागला की कावळासुद्धा दुपारी फांदी सोडत नसे, पण केळीच्या मळ्यात बायामाणसं राबतच असत. पन्नाशी ओलांडली की त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा यायचा, आणि मग घरच्या कोपऱ्यात बसून राहणं आलं.

याच निंबारीत भास्करशेठ फेगडे नावाचे केळीचे मोठे व्यापारी राहत. शेठ मनाचे वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वाईट माणूस वाईट वागला तर त्याची गोष्ट कोणी सांगत बसत नाही.

शेठच्या आईचे, सरूबाईंचे, डोळे म्हातारपणी गेले. शेठ तेव्हा धंद्यात गळ्यापर्यंत बुडालेले होते. आईला वेळेवर डॉक्टरकडे न्यायचं राहून गेलं. ती गेल्यावर ही गोष्ट त्यांना खाऊ लागली. त्यांनी ठरवलं की गावात डोळ्यांचं इस्पितळ बांधायचं, गरिबाचं ऑपरेशन फुकट करायचं आणि नाव द्यायचं ‘सरूबाई नेत्रालय’.

इमारत बांधायचं काम त्यांनी हेमांगी खर्चे हिला दिलं. हेमांगी गावातलीच मुलगी. पुण्याला आर्किटेक्ट होऊन परत आली होती आणि बाजारपेठेत एका मेडिकल दुकानाच्या माडीवर तिचं छोटं ऑफिस होतं. तोवर तिनं घरांचे मजले वाढवले होते, दोन-चार गोदामं बांधली होती. एवढं मोठं काम पहिलंच.

हेमांगीनं आधी कागद काढला नाही. ती जागेवर जाऊन बसली. सकाळी बसली, भर दुपारी बसली, दिवस कलेपर्यंत बसली. जागेच्या उत्तरेला हमरस्ता होता. पश्चिमेला नुसता उघडा माळ. झाड नाही, घर नाही. पण संध्याकाळी नदीवरचा वारा तिकडूनच येई. तिनं ठरवलं, रुग्णांचा वॉर्ड पश्चिमेला ठेवायचा. वारा घ्यायचा आणि ऊन बाहेर ठेवायचं. ते कसं ठेवायचं, हेही तिला ठाऊक होतं. खिडक्यांपुढे दगडाची जाळी उभी करायची.

जाळी म्हणजे नुसती नक्षी नव्हे, हे तिला शाळेत असतानाच कळलं होतं. सहल बऱ्हाणपूरला गेली होती. बाहेर अंगाची लाही लाही होत होती, आणि एका जुन्या इमारतीत दगडी जाळीच्या आड बसलेल्या मुली उठायचं नाव घेईनात. उन्हाचे बारीक तुकडे होऊन फरशीवर पडले होते. वारा मात्र अख्खाच्या अख्खा आत येत होता.

तशीच जाळी तिनं वॉर्डासाठी आखली. दगड चांगला जाड, भोकं लहान आणि खोल. मावळतीचं ऊन दगडाच्या जाडीतच अडकावं, आत यावा तो फक्त त्याचा उजेड. जाळीच्या मागे उघडता येतील अशा खिडक्या. नेत्रालयासाठी ठरलेल्या डॉक्टरांनी नकाशा पाहिला आणि ते खूश झाले. म्हणाले, “ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अंधारही नको असतो आणि झगझगाटही नको. तुम्ही नेमकं मधलं काढलंत.”

राजस्थानकडचे कारागीर आले. त्यांनी आवारातच मांडव घालून जाळी कोरली. कमळं, वेली, चांदण्या. जाळीचे तावदानासारखे तुकडे तयार होऊन भिंतीला टेकून उभे राहिले, आणि एका सकाळी भास्करशेठ ते बघायला आले.

बघतच राहिले. हात फिरवला. मागे सरकून पाहिलं, पुढे येऊन पाहिलं. मग म्हणाले, “ताई, एवढी देखणी वस्तू तुम्ही पश्चिमेला लावणार? तिकडे माळावर बघणार कोण? शेळ्या?”

“ती बघायला नाहीच शेठ. ऊन अडवायला आहे.”

“ते असू द्या. रस्त्याकडे लावा. येणारा-जाणारा थांबून बघेल. आईचं नाव होईल.”

“रस्ता उत्तरेला आहे. तिकडे ऊन फिरकतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथे जाळी लावली तर आहे तो उजेडही कमी होईल.”

“मग दिवे लावू.”

“आणि वॉर्डाला काय?”

“काच लावू. मोठी, एकसंध. हल्ली सगळीकडे काचच असते. वर पडदे सोडू.”

“शेठ, तिकडे रुग्ण झोपणार आहेत.”

“रुग्णांच्या डोळ्यांवर पट्टी असते, ताई,” शेठ हसत म्हणाले. “त्यांना जाळी काय आणि भिंत काय!”

शेठबरोबर आलेले लोकही हसले. हेमांगी हसली नाही. तिची कानशिलं तापली. तिनं सांगून पाहिलं, नकाशा पुन्हा उलगडून दाखवला, शेवटी म्हणाली, “असं करायचं असेल तर हे काम माझ्याच्यानं होणार नाही.”

तेव्हा शेठ मऊ झाले. माणसं हाताळण्यात त्यांचा जन्म गेला होता. म्हणाले, “रागावता कशाला? पश्चिमेलाही करू की जाळी. दुसऱ्या टप्प्यात करू. भास्कर फेगडेचा शब्द आहे.”

दुसरा टप्पा म्हणजे कधी, हे हेमांगीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. आणि उत्तर मिळालं असतं तर तिला काम सोडावं लागलं असतं. शब्दावर विसंबणं त्या दिवशी तिला सोयीचं होतं. ती विसंबली.

इमारत उभी राहिली. रस्त्याकडच्या अख्ख्या दर्शनी भिंतीवर जाळी चढली. तिच्यामागून शेठनी रंगीत दिवे सोडले. उद्घाटनाला मांडव पडला, भाषणं झाली, वर्तमानपत्रांत रंगीत फोटो आले. संध्याकाळी लोक मुलाबाळांना घेऊन जाळी बघायला येऊ लागले. लग्न ठरलेली जोडपी नटूनथटून यायची आणि जाळीपुढे फोटो काढून घ्यायची. इस्पितळाच्या दारात रुग्णांच्या रिक्षांना जागा मिळेना, तिथे फोटोवाल्यांच्या छत्र्या उभ्या राहिल्या.

आत काय झालं होतं ते कोणी पाहिलं नाही. जाळीमागच्या नोंदणीच्या खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय माणसाचं तोंड दिसत नव्हतं. आणि पश्चिमेच्या वॉर्डात दुपार कलली की तोंड लपवायला जागा राहत नव्हती. जिथे ऊन नव्हतं तिथे ते अडवायला जाळी, आणि जिथे ऊन होतं तिथे त्याच्या स्वागताला काच. आंधळ्यानंही असा घोळ घातला नसता. हा डोळस माणसांनी घातला.

हेमांगीचं नाव मात्र झालं. आजूबाजूच्या गावांतून कामं येऊ लागली. कोणाला मंगल कार्यालय बांधायचं होतं, कोणाला पतसंस्थेची इमारत. सगळ्यांना ‘तसली जाळी’ हवी होती, आणि सगळ्यांना ती रस्त्याकडेच हवी होती. सुरुवातीला तिनं दिशांबद्दल सांगून पाहिलं. मग सांगणं कमी झालं. नेत्रालयावरून तिची गाडी रोज जायची. जाळी दिसायची. वॉर्डात मात्र ती एकदाही गेली नाही. टाळलं असं ती स्वतःला म्हणाली नाही. वेळ मिळाला नाही, असं म्हणाली.

काही काळानं राज्यातल्या एका मोठ्या संस्थेनं पुरस्कार जाहीर केला. जुन्या पद्धतीच्या जाळीचा आजच्या इमारतीत उजेडासाठी उत्तम वापर केल्याबद्दल सरूबाई नेत्रालयाला आणि हेमांगी खर्चे यांना! फोटो शेठनीच पाठवले होते. परीक्षकांनी ते पाहिले आणि निकाल दिला. इमारतीत येऊन बघावं असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही.

समारंभ नेत्रालयाच्या आवारातच ठेवला होता, चैत्रातल्या एका दुपारी. आवारात उत्तरेकडे इमारतीची गार सावली. तिथे स्टेज, सोफे, पंखे. रुग्णांचे नातेवाईक पाठीमागे सतरंजीवर, जिथे सावली संपत होती तिथे.

हेमांगी जरा लवकरच पोचली. आईनं दिलेली नारायणपेठी नेसली होती. दारातच तिला वॉर्डाच्या मुख्य नर्स गावीत सिस्टर भेटल्या. त्यांनी अभिनंदन केलं नाही. म्हणाल्या, “मॅडम, आलाच आहात तर वॉर्डात चला. एकदा तरी.”

‘एकदा तरी’ हे शब्द हेमांगीला लागले. ती त्यांच्यामागून गेली.

वॉर्डाचं दार उघडलं आणि तिनं आपसूक डोळ्यांवर हात धरला. भिंतभर काचेतून सूर्य सरळ आत उभा होता. काचेवर कोणी खळीनं वर्तमानपत्रं चिकटवली होती, ती उन्हानं पिवळी पडून सुटली होती. कोणी पडद्याच्या दांडीला लुगडं बांधलं होतं, कोणी चादर. एक रिकामी सोडून बाकी सगळ्या खाटा खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला नेऊन लावल्या होत्या, एकमेकींना खेटून. तिथपर्यंतही ऊन पोचलं होतं. म्हातारी माणसं काळे चष्मे लावून, त्यावर पदर घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसली होती. शिक्षा झालेल्या पोरांसारखी.

“पडदे?” हेमांगीनं विचारलं.

“ओढून बघा,” सिस्टर म्हणाल्या. “काच उघडत नाही. पडदा ओढला की भट्टी. माणसाला घाम येतो, घाम डोळ्यात उतरतो, आणि ऑपरेशन झालेला डोळा माणूस चोळतो. मी रात्रंदिवस ओरडते, चोळू नका म्हणून. कोणत्या तोंडानं ओरडायचं, सांगा.”

“तुम्ही शेठना सांगितलं नाही?”

“मी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं. शेठ म्हणाले, दुसऱ्या टप्प्यात करू.”

कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई बसली होती. धुरपताबाई तिचं नाव. डोळ्यावर काळा चष्मा, आणि उजव्या मनगटाला प्लास्टर. हेमांगीनं विचारलं, “आजी, हाताला काय झालं?”

“काय होनार माय! डोळ्याची पट्टी काढली. वाटलं, आता दिसंल. पानी प्यायला उठली, तर समोर नुसता जाळ. पांढरं पांढरं झालं सगळं. लोखंडी स्टुलावर गेली आदळत.” बाईनं प्लास्टर उचलून दाखवलं. “डोळा आला, हात गेला. आता निंदनीला कोन बोलावतं?”

हेमांगी खाली बघू लागली. बाई आपल्याच नादात बोलत होती. “ही खिडकी ज्यानं केली ना, त्याला एक दुपार इथं निजवाया पाहिजे.”

“मीच केली, आजी,” हेमांगी म्हणाली.

धुरपताबाईंनी चष्म्याआडून तिच्याकडे तोंड वळवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. खरं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “मग तू निजून पाहिलं व्हतं का इथं?”

हेमांगी खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसली. ऊन तोंडावर आलं. डोळे मिटले तरी पापण्यांमागे तांबडा जाळ होता. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तळहातांना गादीचं रेक्झिन चिकटलं. अशात ती बसून राहिली, आणि तिचा संताप उठला. आधी शेठवर उठला. रुग्णांच्या पट्टीवर हसले होते ते! मग त्या परीक्षकांवर. घरी पंख्याखाली बसून फोटोंना मार्क देणारे! आणि मग तो फिरून तिच्यावरच आला आणि तिथून हलेना.

बाहेर माईकवर तिचं नाव पुकारलं गेलं.

ती बाहेर आली तेव्हा परीक्षक मंडळाचे अध्यक्ष टिपणीस सर मानपत्र वाचत होते. आवाज भारदस्त, शब्द एकेक तोलून टाकलेला. “या वास्तूत रुग्णाला ऊन लागत नाही, उजेड लागतो. आपल्या पूर्वजांची जाळी इथे नव्या युगात रुग्णसेवा करते आहे…” टाळ्या पडल्या. शेठनी हात जोडले. टिपणीस सरांनी शाल उचलली.

हेमांगीनं ती अंगावर घेतली नाही. तिनं विचारलं, “सर, हा पुरस्कार उजेडासाठी आहे ना?”

“अर्थातच.”

“मग तो जिथे उजेडाचं काम पडतं तिथे द्या. वॉर्डात चला.”

सर गोंधळले. शेठ तिच्या कानाशी आले. “ताई, कार्यक्रम बिघडवू नका. एवढे लोक आत नेले तर रुग्णांना त्रास होईल.”

“रुग्णांना त्रास होतोच आहे, शेठ. आज फक्त तो बघायला माणसं येतील.” हे ती हळू बोलली, पण माईक चालू होता.

ती स्टेज उतरून चालू लागली. सतरंजीवरचे नातेवाईक पहिल्यांदा उठले. त्यांना आत काय आहे ते ठाऊक होतं. मग सोफ्यावरचे उठले. सगळे उठल्यावर टिपणीस सरांना आणि शेठना बसून राहणं शोभेना.

वॉर्डाच्या दारात येईल त्या प्रत्येक पाहुण्याचा हात डोळ्यांवर गेला. टिपणीस सरांनी हातातलं मानपत्रच उन्हाला आडवं धरलं. कोणीतरी मागून ओरडलं, “अहो, पडदे ओढा ते!” सिस्टरांनी पडदे ओढले. अंधार झाला. थोड्याच वेळात आतली हवा घट्ट झाली, घामाचा आणि औषधांचा वास कोंडला. आता दुसरं कोणी ओरडलं, “उघडा, उघडा! जीव गुदमरतोय!”

“यातलं काय ते निवडायचं, एवढंच इथल्या माणसांच्या हातात आहे,” हेमांगी म्हणाली. “भाजून घ्यायचं की गुदमरायचं.”

टिपणीस सर रुमालानं मान पुसत होते. “पण फोटोंमध्ये तर…”

“फोटो रस्त्यावरून काढले होते, सर. रुग्ण रस्त्यावर झोपत नाहीत.”

शेठचा चेहरा लाल झाला होता. गावासमोर त्यांना आजवर कोणी असं उभं केलं नव्हतं. ते मोठ्यानं म्हणाले, “हे सगळं मी माझ्या पदरचं घालून केलंय. फुकट ऑपरेशन, फुकट औषध, फुकट जेवण. फुकटात आणखी काय काय पाहिजे लोकांना?”

फुकट घेणाऱ्याची जीभ जड असते. पण धुरपताबाई खाटेवरून बोलल्या. आवाज चढवलाही नाही त्यांनी. “फुकट केलं, उपकार झाले भाऊ. देव तुमचं भलं करो. पन फुकट देनाऱ्याला भाजायचा बी हक असतो का?”



मग हेमांगी बोलली. “ही जाळी मी या खिडक्यांसाठी आखली होती. शेठनी ती रस्त्याकडे नेली. तो त्यांचा दोष. पण मी तेव्हा भांडून थांबले आणि मग गप्प बसले, तो माझा. त्यांचं नाव झालं, माझंही झालं. या आजींचं मनगट मोडलं. शेठ, आईचं नाव दिलंत या इमारतीला. आईला या खाटेवर निजवलं असतं का तुम्ही? आणि टिपणीस सर, हा पुरस्कार मी घेत नाही. तुम्हीही तो कोणाला देऊ नका. नाहीतर उद्या गावोगाव जाळ्या रस्त्याकडे लागतील आणि माणसं मागे काचेत भाजत राहतील. लोक म्हणतील, यालाच बक्षीस मिळतं.”

टिपणीस सरांनी शाल घडी करून पिशवीत घातली. त्यांना गाडी गाठायची होती. पाहुण्यांसाठी केलेला आमरस तसाच राहिला. तो पुढे रुग्णांना वाढला गेला, एवढं त्या दिवशी तरी बरं झालं.

खरं बोलल्याचं बक्षीस लगेच मिळतं असं कोणी समजू नये. शेठनी दुसऱ्याच दिवशी कोनशिलेवरून हेमांगीचं नाव काढायला लावलं. बाजारात सांगत सुटले, “मी तिला मोठी केली, ती माझ्यावरच उलटली.” ज्यांना ‘तसली जाळी’ हवी होती त्यांनी आपली कामं दुसरीकडे दिली. हेमांगी पुन्हा घरांचे मजले वाढवू लागली. आई म्हणाली, “गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?” हेमांगी म्हणाली, “गप्प राहिले होते ना, आई. त्यातच बिघडलं.”

संस्थेनं पुरस्कार मागे घेतला की नुसता विसरून टाकला, ते कळलं नाही. निंबारीचे लोक मात्र विसरले नाहीत. गावाच्या तोंडी एक नवी म्हण बसली. पाहुण्यांना पुरणपोळी आणि घरच्यांना शिळी भाकर देणारा कोणी असला की लोक म्हणत, “त्याच्याकडे भास्करशेठची जाळी आहे.” शाळेनं दर्शनी फाटक रंगवलं आणि संडासाला दार लावलं नाही, तेव्हा पालक म्हणाले, “भास्करशेठची जाळी!” एकदा लिलावात एका शेतकऱ्यानं केळीच्या घडांची चळत पाहिली. वरचे घड टपोरे आणि खाली बारीक माल. तो बोलून गेला, “ही काय भास्करशेठची जाळी लावली का रे?” आणि मागे वळून पाहिलं तर शेठ उभे.

शेठ त्याला रागावले नाहीत. गाडीत बसले आणि ड्रायव्हरला नेत्रालयाकडे घ्यायला सांगितलं. दुपार कलली होती. सिस्टर सांगतात, शेठ एकटेच वॉर्डात आले, खिडकीजवळच्या खाटेवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा डोळे लालबुंद होते. उन्हानं की कशानं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

त्यांना पश्चात्ताप झाला, की नुसती चारचौघांतली लाज वाटली? त्यांचं त्यांना माहीत. काही लोक म्हणतात लाजच. असेल. जाळी मात्र हलली. शेठनी स्वतः हेमांगीला फोन केला. माफी मागितली नाही. एवढंच म्हणाले, “ताई, जाळी कुठे लावायची ते येऊन दाखवा.” तिनंही मानपान काढला नाही. ती गेली.

रस्त्याकडची जाळी एकेक तुकडा करून उतरवली. पश्चिमेची काच काढली, उघडणाऱ्या खिडक्या बसवल्या, आणि त्यांच्यापुढे कमळं-वेली-चांदण्यांची ती दगडी जाळी माळाकडे तोंड करून उभी राहिली. या वेळी मांडव नव्हता, भाषण नव्हतं, फोटोवालाही नव्हता. धुरपताबाईंचं मनगट तोवर जुळून आलं होतं, पण वाकडं. ते कोणाच्याही शहाणपणानं सरळ होण्यातलं नव्हतं. त्यांना शेठनी नेत्रालयातच बसून करण्यासारखं काम दिलं. त्यांनी ते घेतलं, पण शेठ समोरून गेले तर त्या मान वर करत नसत.

काम संपलं तेव्हा शेठ रस्त्यावर उभे राहून दर्शनी भिंतीकडे पाहत होते. “ओकीबोकी दिसते हो,” ते म्हणाले. “इथे आता काय लावू?”

“काही लावू नका,” हेमांगी म्हणाली. “इथे ऊन येत नाही.”

त्या दिवशी ऊन कलू लागलं तेव्हा हेमांगी वॉर्डात गेली. खाटा आपापल्या जागी परत आल्या होत्या. नदीकडचा वारा खिडक्यांतून येत होता. ती काहीतरी विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात गावीत सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. वॉर्ड सुरू झाल्यापासून दुपारच्या वेळी त्यांना दबक्या आवाजात बोलायची ही पहिलीच वेळ होती. सगळे झोपले होते.

तात्पर्य: ज्यांच्या नावानं चांगलं काम करायचं, त्यांच्यापर्यंत ते पोचलं तरच ते चांगलं, नुसतं लोकांच्या नजरेत भरणारं भलं हे भलं नव्हेच. आणि हे कळूनही जो गप्प बसतो, तो त्या देखाव्यातला भागीदार असतो.